जुन्या रेशमाची गोधडी: कापू की नको?

धागेदोरे:
आत्याच्या ट्रंकेतलं बोचकं माझ्याकडे आलंय. त्यात ९ रेशमी साड्या (दोन काठापदराच्या, बाकी साध्या छापील), सासऱ्यांचे १४ टाय, एक मखमली पडदा आणि माझ्या स्वतःच्या जुन्या जीन्स. डोक्यात असं आहे की या सगळ्याची मिळून एक मोठी गोधडी करावी, आणि ती रोज अंगावर घ्यायची, कपाटात ठेवून पूजायची नाही. साधारण ६० इंच बाय ८४ इंच.

उत्साहाच्या भरात एका साडीचे सहा इंची चौकोन कापले, चार जोडले, तर त्यांचा पतंग झाला. म्हणजे खरोखर पतंग, एक कोपरा वर एक खाली. कापताना पट्टी लावली होती, खुणा केल्या होत्या, तरीही. आणि कडांचे दोरे एवढे सुटले की शिवून होईपर्यंत अर्धी शिवण उसवलीच.

तर प्रश्न असे की रेशीम गोधडीत टिकतं का, सुती आणि जीन्सबरोबर एकत्र चालतं का, आणि धुवायचं कसं. की नादच सोडू?

काडीपेटी:
पतंग झालाच आहे तर उडवा. मांजा रेशमी लावा.

उसवण:
नाद सोडू नका पण कात्री खाली ठेवा आधी. एक चाचणी करा. साडीचा जिथे रोज घडी पडायची तो भाग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरा, अंगठे जवळजवळ ठेवा, आणि हळूच बाहेर ओढा. आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या धाग्यात. मग उजेडासमोर धरून बघा, बारीक रेघा दिसतात का. जुनं रेशीम वरून अगदी झकास दिसतं हो, चमक तशीच, रंग तसाच, आणि ओढलं की कागदासारखं चिरतं. माझ्या पहिल्या गोधडीत मी असं एक जांभळं पातळ वापरलं, शिवताना काही झालं नाही, सहा महिन्यांनी प्रत्येक जांभळ्या चौकोनात टाक्याला समांतर एक चीर. आजूबाजूचे सुती तुकडे ठणठणीत. एकोणीस जांभळे चौकोन मी हाताने उसवून बदललेत, त्यावरून हा आयडी घेतलाय.

पतंगाचं कारण सोपं आहे, रेशीम कापताना सरकतं. पट्टीखाली ते दाबलं जातं, कात्रीने उचललं की हलतं. त्याला आधी मागून पातळ फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा, सगळ्यात पातळ जे मिळेल ते, आणि मग कापा. चिकटवताना इस्त्री घासायची नाही, ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. मध्ये सुती फडकं घ्या. कापड आधी धुऊन आटवून घ्या नाहीतर नंतर फुगे येतात.

निवांतजीव:
वाचतेय. माझ्याकडेही असंच बोचकं आहे, तीन वर्षं नुसती बघतेय त्याच्याकडे.

जुनंतेसोनं:
मी विरोधी मत नोंदवतो. काठापदराच्या साड्या कापू नका. एकदा कापल्या की संपलं. छापील साड्या, टाय, पडदा, जीन्स, काय हवं ते करा. पण हातमागाचं चांगलं वस्त्र चौकोनात कापणं मला पटत नाही, माझ्या घरी हे झालंय. कापणाऱ्या माणसाने हौसेने कापलं, दोन महिन्यात हौस फिटली, आणि पिशवीभर चौकोन आजही माळ्यावर पडून आहेत. साडीही गेली, गोधडीही नाही.

उसवण:
जुनंतेसोनं, साडी नेसण्याजोगी असेल तर तुमच्याशी सहमत. पण घडीवर चिरलेली साडी ट्रंकेत ठेवून काय वाचवतो आपण? ती तिथेही चिरतेच आहे. ज्या घडीवर वर्षानुवर्षं ठेवली त्याच घडीवर.

जुनंतेसोनं:
घडी बदलून ठेवा मग. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, मध्ये धुतलेलं सुती कापड घालायचं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही. एवढं केलं असतं तर चिरलीच नसती.

काडीपेटी:
आत्याला कळवा कोणीतरी.

रंगाचाबेरंग:
कापडाच्या रसायनांशी माझा कामानिमित्त संबंध येतो म्हणून थोडं लांबण लावतो.

रेशीम चिरण्याची कारणं अनेक असतात. एक म्हणजे उजेड. सगळ्या नैसर्गिक धाग्यांत रेशीम उन्हाला फार लवकर हार मानतं. दुसरं घाम. काखेखालचं रेशीम आधी का जातं ते यावरून कळेल. तिसरं म्हणजे काठाची जर, तिची धातूची तार कडक असते आणि घडीवर शेजारच्या मऊ धाग्याला कापत राहते. चौथं कारण ज्यांच्याकडे खूप जुनं परदेशी रेशीम आहे त्यांच्यासाठी. कोशातून निघालेल्या धाग्यावर एक डिंकासारखा थर असतो, तो उकळून काढला की वजन साधारण २० ते २५ टक्के कमी होतं. रेशीम वजनावर विकलं जायचं, मग व्यापारी गप्प कसे बसतील. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत ते कथलाच्या क्षारात बुडवून ‘भारी’ करायची पद्धत पडली, कधी कधी तर क्षाराचं वजन मूळ रेशमाहून जास्त. कापड छान जड पडायचं, सळसळायचं, आणि काही दशकांनी काचेसारखं तडकायचं. अशा कापडाला काही इलाज नाही, फ्युजिंग लावलं तरी ते फ्युजिंगवर चिकटल्याजागी तडकतं. वरून बारीक जाळीचं कापड घालून शिवलं तर तुकडे जागच्या जागी राहतात एवढंच.

म्हणून उसवण यांची अंगठा-चाचणी हवीच. आणि एक नियम लक्षात ठेवा, कमजोर कापडाशेजारी दणकट कापड लावलं की ओढ सगळी कमजोर कापडावर येते. त्यांचे जांभळे चौकोन तसेच गेले असणार.

उसवण:
अरे देवा, म्हणजे शेजाऱ्यांनी मारलं तर त्यांना!

पाचवारी:
पण हे रेशीमच आहे याची खात्री आहे का सगळ्यांना? माझा किस्सा ऐका. ‘शंभर टक्के सिल्क’ म्हणून मिळालेल्या तीन ओढण्या मी जपून जपून हाताने धुतल्या, सावलीत वाळवल्या, वगैरे. गोधडीत घालताना कोणीतरी म्हणालं जाळून बघ. कडेचे चार दोरे काढले, चिमट्यात धरून सिंकवर पेटवले. वितळून काळा टणक मणी झाला! पॉलिएस्टर!! इतकी वर्षं मी प्लास्टिकची सेवा करत होते.

खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझतं आणि राख बोटात चुरली जाते. सुती कागदासारखं जळतं, वासही तसाच, राख मऊ करडी. लोकरीचंही केसासारखंच जळतं म्हणून लोकर आणि रेशीम यात वासाने फरक कळत नाही, पण ते डोळ्यांनीच कळतं म्हणा.

दोरेच जाळा, अख्खी ओढणी नाही.

काडीपेटी:
शेवटची सूचना माझ्यासाठी होती ना.

वाकळवाली:
जरा विषयांतर. सगळे गोधडी गोधडी म्हणताय, पण चौकोन जोडून, मध्ये विकतचा कापूस-थर घालून, मशीनने टाके मारलेली ती गोधडी का? आमच्याकडे जुन्या कापडांचे थर एकावर एक घालून हाताने धावदोरा मारला की वाकळ. कापूस भरला की दुलई किंवा रजई. बाळाची छोटी ती दुपटं. हे तुमचं जे चाललंय त्याला सरळ क्विल्ट म्हणा.

जुनंतेसोनं:
आमच्याकडे वाकळ आणि गोधडी एकच.

निवांतजीव:
आमच्याकडे वाकळ म्हणजे फाटकी झालेली गोधडी.

वाकळवाली:
निषेध.

सुईच्याअग्रावर:
नावावरून भांडा खुशाल, पण वाकळवालीचा मुद्दा कामाचा आहे. थरांचं तंत्र रेशमाला चौकोनांपेक्षा जास्त मानवतं. अख्खी साडी तशीच वरच्या थराला ठेवली, आत दोन-तीन जुन्या सुती साड्या, खाली मऊ चादर, आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर ओळीने धावदोरा. कापणं नाही, म्हणून कडा सुटणं नाही. प्रत्येक टाका वरच्या विरलेल्या कापडाला खालच्या थराशी बांधून टाकतो. बंगालच्या कांथ्यात हेच, तिथे तर शिवायला रंगीत दोरा जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढायचे. जपानमध्ये बोरो म्हणतात त्यात ठिगळावर ठिगळ आणि सगळीकडे धावदोरा. विरलेल्या कापडाला कापून जोडण्यापेक्षा बांधून ठेवणं बरं, हे सगळीकडच्या शिवणाऱ्यांना कळलेलं दिसतं. जुनंतेसोनं यांचाही प्रश्न सुटला, साडी अख्खीच राहिली.

हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मशीनच्या सुईचं उलटं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी रेशमाला जाडजूड सुईने भोकं पाडत बसले होते.

जुनंतेसोनं:
हे मात्र पटलं.

धागेदोरे:
बापरे, एवढे प्रतिसाद. कात्री खाली ठेवलीये.

चाचणी केली. ९ पैकी ४ साड्या एकदम मजबूत. ३ घडीवर चिरल्या पण मधलं कापड चांगलं आहे. १ उजेडात धरली तर चाळणी. आणि १, काठापदराची मोरपिशी, ती अंगठे लावल्याबरोबर चर्रर्र. आवाज ऐकून आमचे हे बाहेरच्या खोलीतून धावत आले, त्यांना वाटलं पडदा फाटला.

टायचं सांगा ना कोणीतरी. एक उसवला तर आत भलतंच जाड काहीतरी निघालं.

टायगर:
(आयडीचा आणि विषयाचा योगायोग समजावा.) टायची गोधडी मी दोनदा केलीये. आतलं जाड अस्तर काढून टाका, ते लोकरीचं असतं कधी कधी आणि धुतल्यावर आटतं. मागची शिवण एका लांब सैल टाक्याची असते, एक टोक सापडलं की सर्रकन निघते, फार समाधान मिळतं त्यात. उघडलेला टाय सगळ्यात रुंद जागी जेमतेम वीतभर, पुढे निमुळता. आणि टाय तिरक्या धाग्यावर कापलेला असतो, म्हणून गळ्यात छान पडतो, आणि म्हणूनच शिवताना च्युइंगगमसारखा ताणतो. फ्युजिंग शंभर टक्के लावा, इथे तडजोड नाही.

पहिल्या वेळी मी चौकोन करत बसलो, अर्धं कापड वाया. दुसऱ्या वेळी टायचा मूळ निमुळता आकार तसाच ठेवून पंख्यासारखे गोल रचले, कापड वायाही गेलं नाही आणि टाय होते हे ओळखूही येतं. वडलांचे होते, त्यामुळे ओळखू येणं मला महत्त्वाचं होतं. एकावर रश्श्याचा डाग आहे, तो मुद्दाम वरच्या बाजूला घेतलाय.

निवांतजीव:
डागाचं वाचून गलबलून आलं उगाच.

जाडाभरडा:
मी जीन्सवाला. सरळ सांगतो, जीन्स आणि रेशीम एका गोधडीत घालू नका. अख्खी जीन्सची गोधडी एवढी जड होते की अंगावर घेतली की कूस बदलता येत नाही, आणि कोपऱ्यात चार शिवणी एकत्र आल्या की मशीन धापा टाकतं. १६ नंबरची सुई लागते, तरी मी तीन मोडल्या. तिथे शेजारी रेशीम म्हणजे बैल आणि वासरू एका जूला.

जीन्सची वेगळी करा, मध्ये कापूस-थर घालूच नका, खाली फक्त फ्लॅनेल लावा. आणि जीन्सच्या मूळच्या दुमडलेल्या जाड शिवणी आधीच कापून फेकून द्या, त्यावरून टाका मारायला जाऊ नका.

उसवण:
मखमलीलाही हेच लागू. शिवताना खालचा थर आपला आपण चालायला लागतो. कच्चे टाके हाताने घाला, भरपूर. आणि उलटी सुलटी लव बघून कापा नाहीतर एक चौकोन गडद, एक फिका दिसतो. इस्त्री वरून नाही, पालथं घालून टॉवेलवर.

मधलीफळी:
मी असहमत. जड-हलकं एकत्र बसवायचा मार्ग आहे आणि तो जुनाच आहे. प्रत्येक तुकडा थेट शेजाऱ्याला न जोडता आधी पातळ सुती कापडाच्या चौकटीवर बसवायचा. मलमलीचा किंवा जुन्या धोतराचा चौकोन घ्यायचा, त्यावर मधोमध एक तुकडा, मग पुढचा तुकडा सुलट्यावर सुलट ठेवून शिवायचा, उलगडायचा, पुढचा. असं चौकट भरेपर्यंत. ओढ सगळी खालच्या मलमलीवर जाते, रेशीम नुसतं वर बसून मिरवतं. फ्युजिंगही लागत नाही.

अमेरिकेत १८८०च्या दशकात हे वेड होतं, क्रेझी क्विल्ट म्हणतात त्याला, रेशीम, मखमल, रिबिनी, सगळं वेडंवाकडं एकत्र आणि सांध्यांवर भरतकाम. सिगारच्या जुड्या बांधायच्या रेशमी पट्ट्यासुद्धा गोधड्यांत जायच्या. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी वस्तू बघून ही आवड पसरली असं म्हणतात. त्यातल्या बऱ्याच गोधड्यांत कापूसच नसतो, दिवाणखान्यात पसरून ठेवायला केलेल्या. तर धागेदोरे, तुमचा पतंग त्यात सहज खपेल. कोपरे जुळायचा प्रश्नच नाही.

जाडाभरडा:
दिवाणखान्यात पसरायला ना. त्या बाईंना रोज अंगावर घ्यायचीये. पहिला प्रतिसाद वाचा.

मधलीफळी:
वाचलाय. मखमल-रेशीम म्हणतोय मी, जीन्स नका घालू. एवढं मान्य.

रानफूल:
रोजच्या वापरावरून आठवलं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या बघा कोणी बघितल्या नसतील तर. शेतात घालून झिजलेले कपडे, गुडघ्याला विरलेल्या पँटी, त्यांतूनच थंडीसाठी शिवलेल्या. जिथे खिसा होता तिथे न विटलेला गडद चौकोन राहिलाय, तो तसाच. १९७२मध्ये तिथल्या शिवणमंडळाला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तर उरलेल्या चिंध्यांतून कॉर्डरॉयच्या गोधड्या झाल्या. पुढे २००२मध्ये ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या भिंतींवर त्या टांगल्या गेल्या. म्हणजे अंगावर घ्यायला केलेली भिंतीवर गेली. आपण भिंतीवर टांगण्याइतकी भारी करायला जातो आणि ती धड अंगावरही येत नाही.

माझी तर बाई पिशवीतच आहे अजून.

पाचवारी:
धुण्याबद्दल कोणी काहीच बोललं नाही.

मी बोलते, मी पोळलेय. लाल छापील रेशीम आणि मोतिया सॅटिन, दोन महिन्यांचं काम, पहिल्या धुण्यात सगळं मोतिया गुलाबी. तेही सारखं गुलाबी नाही, ढगाढगांचं. आधी मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवलं होतं हो, रंग पक्का होतो म्हणतात.

रंगाचाबेरंग:
होत नाही. व्हिनेगर रेशीम किंवा लोकर रंगवताना भांड्यात उपयोगी पडतं, तेही उष्णतेबरोबर. विकत आणलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. जास्तीचा रंग आधी निघून जाऊ देणं हाच उपाय. पांढरं ओलं फडकं प्रत्येक कापडावर घासा, ज्याचा रंग लागेल ते सुटं धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. येतच नसेल तर ते कापड या गोधडीसाठी नाही.

आणि पावडर बघून घ्या. रेशीम म्हणजे प्रथिन. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं पचवणारी एन्झाइम असतात, त्यांना डाग आणि रेशीम यातला फरक कळत नाही. ब्लीच तर अजिबात नाही. रेशीम-लोकरीसाठीचा सौम्य द्रव, गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, म्हणून ओली गोधडी दोरीवर टांगू नका, स्वतःच्याच वजनाने शिवणी ताणते.

पाचवारी:
हे दोन वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत.

काडीपेटी:
गुलाबी ढगांची डिझायनर गोधडी म्हणून विका.

सुईच्याअग्रावर:
रोज वापरायची आणि रेशमाची, तर एक मधला मार्ग. वर एक सुती खोळ करा, बटणांची. धुवायची ती खोळ. झोपायच्या वेळी खोळीत, पाहुणे आले की खोळ काढा.

धागेदोरे:
तीन आठवड्यांनी येतेय. ठरलं आणि निम्मं झालंसुद्धा, म्हणून हिशोब लिहिते, कोणाला उपयोगी पडला तर.

दोन गोधड्या करतेय. जीन्सची वेगळी, जाडाभरडा म्हणाले तशी, खाली फ्लॅनेल, आत काही नाही. ती मुलाने ढापली पण. रेशमाची ६० बाय ८४च, सहा इंची चौकोन शिवून झाल्यावर, म्हणजे १० बाय १४, १४० चौकोन. कडा फार सुटतात म्हणून पाव इंचाऐवजी अर्धा इंच शिवण ठेवली, म्हणून कापताना सात इंची. मजबूत ४ साड्या आणि घडीवर चिरलेल्या ३ साड्यांच्या मधल्या कापडात आरामात भागलं. सगळे चौकोन मलमलीवर आधी कच्चे घालून घेतले, फ्युजिंगचा एक नमुना करून बघितला पण कापडाचा पोत पुठ्ठ्यासारखा झाला, मला नाही आवडला. मशीनला ११ नंबरची सुई. टाचण्यांची भोकं रेशमावर राहतात हे तिसऱ्या चौकोनाला कळलं, मग कागदाच्या क्लिपा लावल्या. एक छापील साडी ओल्या फडक्याला निळा रंग देतच राहिली, सात वेळा धुतली, आठव्यांदा बाहेर काढली, तिची भर टायमधून काढली.

मोरपिशी मात्र मी कापली नाही. तशीच अख्खी खालच्या सुती साड्यांवर पसरून धावदोरा घालतेय, ती तिसरी, छोटी. दोरा ओढला की अजून अधूनमधून चर्र होतं, मग तिथे जवळजवळ चार टाके जास्त.

उसवण:
फोटो फोटो फोटो! आणि चिरतंय तिथे दोरा ओढून घट्ट करू नका, सैल ठेवा.

जुनंतेसोनं:
मोरपिशी कापली नाही हे वाचून बरं वाटलं. काठ?

धागेदोरे:
चाळणी झालेल्या साडीचा काठ तेवढा शाबूत होता, तो उसवून ठेवलाय. गोधडीच्या कडेला लावावा म्हटलं तर जर हनुवटीला टोचते. त्यामुळे बोचक्यातच आहे परत.

काडीपेटी:
आणि पतंग?

धागेदोरे:
डावीकडून पहिला, खालच्या ओळीत. उसवून सरळ करणार होते, पण चारातल्या तीन चौकोनांची शिवण उसवली की कापडच उरत नव्हतं. तसाच मलमलीवर बसवला. पायाकडे येतो, दिसत नाही.